रुमालाखालची लेन्स

गुंड्याचं जावळ काढायचा दिवस उजाडला तरी त्याचा एकही धड फोटो नव्हता. म्हणजे फोटो चिक्कार होते, स्नेहलचा फोन त्या फोटोंनी भरून गळ्याशी आला होता. पण दहा महिन्यांच्या गुंड्याची रीतच अशी, की आई फोन घेऊन समोर बसली रे बसली, हा गुडघ्यांवर सुसाट सुटायचा तो थेट फोन तोंडात घालायला. प्रत्येक फोटोत नुसतं धावतं धुकं आणि धुक्याच्या माथ्यावर काळ्याभोर कुरळ्या बटा.

आणि आज त्या बटाच जाणार होत्या.

"केस काय, परत येतील," प्रज्वल, तिचा नवरा, जीपच्या टपावर पिशव्या बांधता बांधता म्हणाला.

"येतील. पण ते दुसरे. हे जन्माचे आहेत," स्नेहल म्हणाली, आणि पदरानं डोळे टिपले. डोळे भरून यायला तिला फार लागायचं नाही. झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघणारी बाई ती. गुंड्याला सोडून विहिरीवर गेली तरी अर्ध्या वाटेवरून पळत परत येणारी.

शिकवण्या घेऊन तिनं बावीस हजार साठवले होते. तेवढ्यात नवा कॅमेरा येत नव्हता, आला तर लेन्स येत नव्हती. महिनोन्‌महिने गुंड्याला मांडीवर झोपवून तिनं फोनवर कॅमेऱ्यांचा अभ्यास केला होता. शेवटी समजलं, की मुरबाडचा भगीरथ फोटोवाला आपला जुना कॅमेरा विकतोय. सोबत दोन लेन्स, पण बावीसमध्ये एकच बसेल. घरून, शेणव्याहून, म्हशाच्या जत्रेला जाताना मुरबाड वाटेतच. कॅमेरा घ्यायचा, तसंच पुढं म्हशाला जायचं, देवापुढं जावळ काढायचं आणि ते होण्याआधी एक, फक्त एक, स्वच्छ फोटो.

जीपमध्ये तिनं सासऱ्यांना, धाऊआबांना, नीट समजावलं. घासाघीस तेच करणार होते. अख्ख्या शेणव्याचे बैल म्हशाच्या बाजारातून आबांनीच पारखून आणलेले.

"आबा, आपल्याला लहान लेन्स घ्यायची. कुंकवाच्या करंड्याएवढी असते. तिचा आकडा लहान, म्हणून तिचं भोक मोठं. भोक मोठं म्हणून उजेड जास्त. आपल्या घरात अंधार ना, म्हणून."

"लहान म्हंजे मोठा?"

"हो. आकडा जेवढा लहान, तेवढं भोक मोठं."

आबांनी बायकोकडं, सकुबाईंकडं, पाहिलं. "आयकलास गो? कालेजात काय शिकवतात!"

"तुमी गप आयका," सकुबाई म्हणाल्या. "पोरगी सांगते ती दोन येळा विचार करून सांगते."

"दोन येळा? चाळीस येळा," प्रज्वल म्हणाला.

भगीरथचं दुकान म्हणजे लग्नाच्या आल्बमांनी खचाखच भरलेली एक खोली. त्यानं कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला, शेजारी दोन लेन्स मांडल्या: एक करंड्याएवढी, दुसरी दुधाच्या बरणीएवढी लांबलचक.

स्नेहलनं आधी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून आत धूळ आहे का बघितली. मग फोनची बॅटरी पेटवून दोन्ही लेन्सच्या काचेत बुरशी आहे का तपासलं.

"दात बघते," आबा खूश होऊन म्हणाले. मग त्यांनी स्वतः कॅमेरा उचलला, तळहातावर झुलवून वजन घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "चाल दाखव."

भगीरथनं बटण दाबलं. खटाक्.

"पुन्हा." खटाक्, खटाक्. "लंगडत नाय. वय काय?"

"चाळीस हजार फोटो काढलेत बघा."

"म्हंजे कामाचा हाय. गोठ्यात बसून खाल्लेला नाय."

भगीरथला हसू आवरेना. त्याचा बाप गुरांचा दलाल होता. ही भाषा त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकलेली.

इतक्यात गुंड्यानं भोकाड पसरलं. स्नेहल त्याला घेऊन मागच्या पडवीत गेली, पाजून परत आली, आणि दारातच थबकली. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला होता. रुमालाखाली त्यांचा हात आणि भगीरथचा हात. वर दोन गंभीर चेहरे, खाली कापड नुसतं उंदीर शिरल्यासारखं हलत होतं. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो: बोटं धरून, दाबून, कुणाला न दाखवता. आणि हात रुमालाखाली असताना तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हे शेणव्यात नांदायला आलेल्या सुनेला पहिल्या वर्षीच कळतं.

म्हणून स्नेहल गप्प राहिली. गुंड्याचा हात तोंडातून काढत, ओठ दाबून, आनंदानं फुटायच्या बेतात.

रुमाल झटकला गेला. "झाला!" आबा म्हणाले. भगीरथनं नोटा कपाळाला लावल्या. बावीसच्या बावीस, वर पिशवी फुकट.

तिनं पिशवी उघडली. आत कॅमेरा, आणि त्याच्या तोंडाला ती दुधाची बरणी.

"आबा... मी लहान म्हटलं होतं ना?"

"ठाव हाय मला," आबा मिशीत हसले. "तू कदी मोठा मागलास? भाकरी वाढली का बारकी तूच घेनार, पापलेटाचा शेपूट तूच घेनार. सून हायस, लाजतेस. मी त्या भगीरथला बोललो, पोरगी बारका मागते, तू मोठा दे. त्येवढ्याच पैशात बसवला!"

रुमालाखाली ठरलं ते बाहेर मोडत नाही. मोडलं तर आबांना म्हशाच्या बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. आणि खरं सांगायचं, तर स्नेहलला रडू आणि हसू एकदमच आलं होतं. पापलेटाचं शेपूट आबांनी इतकी वर्षं बघितलं होतं तर!

जीप सुटली. तिनं मांडीवरच्या गुंड्यावर कॅमेरा रोखला. आतलं यंत्र घर्रर्र पुढं, घर्रर्र मागं, आणि पडद्यावर तपकिरी लापशी.

"बगू, बगू," सकुबाई वाकल्या. "हा काय नाकपुडी हाय?"

"आई, ही लांबची लेन्स आहे. जवळचं दिसतच नाही हिला."

"चाळिशी लागली आसंल," सकुबाई म्हणाल्या, आणि नव्या वस्तूला दृष्ट नको म्हणून काजळाचं बोट थेट काचेकडं नेलं. स्नेहल अशी किंचाळली की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तीट शेवटी कॅमेऱ्याच्या बुडाला लागली.

म्हशाला घुंगरांचा, भोंग्यांचा, घोंगड्या विकणाऱ्यांचा एकच कल्लोळ. देवळामागच्या चिंचेखाली सतरंजी पडली. स्नेहलचा भाऊ मनोज, म्हणजे गुंड्याचा मामा, मांडी घालून बसला. मामाच्या मांडीवर गुंड्या. समोर पदर पसरून आत्या, माधुरी, केस झेलायला. न्हाव्यानं वस्तऱ्यावर पाणी मारलं.

"थांबा! एकच मिनिट!" स्नेहलनं कॅमेरा लावला. पडद्यावर मनोजचा कान.

"मागं हो," आबा म्हणाले.

ती मागं झाली. आता गुंड्याचा गाल आला. पण आई दिसताच गुंड्यानं हात पसरले आणि मामाच्या मांडीवरून उडी ठोकली. पुन्हा धुकं.

"आजून मागं हो!"

ती रेवडीवाल्याच्या पाटीला धडकली. "मागं!" बांगड्यांच्या गाडीला वळसा घालून, एका खिल्लारी बैलाच्या शिंगाखालून वाकून ती मागं मागं सरत गेली. गुंड्यापासून इतकी लांब ती आजवर गेली नव्हती. त्यात मधे माणसं येऊ लागली. टोप्या, फुगे, कुणाच्या खांद्यावरचं पोर. गुंड्या दिसेनासाच झाला.

पाठीला लोखंड लागलं. आकाशपाळणा.

"ताई, बसायचं तर तिकीट काढा, उभं राहायचं तर बाजूला व्हा," पाळणेवाला म्हणाला.

लहानपणापासून स्नेहलला उंचीची धास्ती. झाडाच्या पहिल्या फांदीवरसुद्धा तिला घेरी यायची. ती पाळण्यात चढली. कशी चढली ते तिलाही सांगता यायचं नाही. दांडा खटकन बसला आणि जत्रा पायाखालून सरकू लागली. तोंडात "अगो आई गं!", एका हातात दांडा, दुसऱ्या हातात कॅमेरा. पाळणा अगदी टोकाला गेला आणि थांबला. खाली कुणी चढत होतं.

तिनं डोळे मिटले. मग एक उघडला, आणि तो कॅमेऱ्याला लावला.

घर्रर्र. यंत्र एकदा पुढं गेलं, मागं आलं, आणि धुकं लखकन बाजूला झालं. गुंड्या! तिच्या नाकासमोर असल्यासारखा गुंड्या. पापणीवर एक केस पडलेला. खालच्या ओठावर लाळेचा थेंब. आई दिसत नाही म्हणून उडी नाही, रडं नाही; मामाच्या मांडीवर शहाण्यासारखा बसून तो वस्तऱ्याचा आवाज ऐकत होता. श्वास घेत होता. तिला इतक्या लांबून तोही दिसत होता. न्हाव्याचं एक मिनिट कधीच संपलं होतं. पहिली बट सुटली, माधुरीच्या पदराकडं निघाली, मागोमाग दुसरी, तिसरी. खटाक्, खटाक्, खटाक्.

"गुंड्याऽऽ!" ती वरून ओरडली. राहवलंच नाही.

गुंड्यानं मान वर केली. अर्धं डोकं कुरळं, अर्धं तुळतुळीत. आभाळात आई बघून त्याचं बोळकं आपोआप पसरलं.

खटाक्.

पाळणा फिरू लागला. पुढच्या फेऱ्यांत स्नेहल एवढी हसली, एवढी हसली, की शेजारच्या पाळण्यातल्या बाया घाबरल्या. उतरल्यावर ती सरळ चालू शकेना. रेवडीवाल्याला पुन्हा धडकली. प्रज्वलनं तिला धरलं, फोटो बघितला, आणि पुन्हा बघितला.

"बगलंस?" आबांची छाती रुमालात मावेना. "मोठा घेतला मनून!"

"हो आबा," ती म्हणाली. "मोठाच बरा झाला." मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं पुढं मागितलं. "पण मला ती लहानसुद्धा हवी. दोन्ही हव्यात."

सकुबाईंनी तोंडावर पदर घेतला. प्रज्वल आभाळाकडं बघू लागला. आबांनी डोक्याला हात लावला, अन् हसले.

"बराबर. एका बैलानं गाडी चालत नाय."

परतीच्या वाटेवर टकलू गुंड्या आत्याच्या मांडीवर गाढ झोपला. आबांनी भगीरथला फोन लावला. "आरं, तो बारका इकलास का? ... नाय ना? ठेव मग. भात इकून पैसं देतो. काय घेशील? ... ह्या!"

बोलता बोलता त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढून मांडीवर घेतला, हात खाली घातला, आणि बोटं चालू झाली. एक दाबलं, दोन सोडली, भाव मुरबाडच्या दिशेनं खाली आणत.

"आवं, फोनवर त्याला बोटं दिसतात का?" सकुबाई म्हणाल्या.

आबांना ऐकूच आलं नाही. स्नेहलनं हळूच कॅमेरा उचलला. घर्रर्र पुढं, घर्रर्र मागं. नुसती लापशी.

"आबा," ती म्हणाली, "जरा लांब बसा ना."