डावं माझं, उजवं बाबांचं

बाबा मला ‘अहो’ म्हणतात. यात रडण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर त्याला मी दारातूनच परत पाठवीन. लेकीने बापाला ‘अहो’ म्हणायचं आणि बापाने लेकीला ‘अगं’, हा आमच्या घरातला कायदा. तो एके सकाळी मोडला. बाबा खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणाले, “अहो बाई, जरा पाणी देता का?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टेखोर होतेच ते. मी म्हटलं, “बाई काय बाई? मी तुमची मुलगी आहे!” तर बिचारे ओशाळले. “हो का? बरं बरं,” म्हणाले. पाणी प्यायले आणि वर “उपकार झाले” म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. राग आला की मी भांडी आपटते, आणि रडू आलं तरी भांडीच आपटते. शेजाऱ्यांना फरक कळत नाही, ते बरंच आहे.

डॉक्टरांनी सांगितलं की विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढणार. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून विचारते, “आता दिसतंय का नीट?” आणि घरी माझा सख्खा बाप माझ्याकडे टक लावून बघतो, तर त्याला मी दिसत नाही. आता याला कुठला नंबर काढायचा, सांगा.

मला फार काही नको होतं. एकदा ‘अगं’ म्हणावं. जमलं तर ‘डावी’ म्हणावं. बस.

डावी म्हणजे मी. मी डावखुरी वगैरे नाही. हे नाव पिनबॉलमधून आलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका इमारतीतलं ऑफिस हलणार होतं आणि तिथले लोक एक जुना कॉम्प्युटर टाकून देत होते. बाबांनी तो खांद्यावरून घरी आणला. पिवळट पडलेला आडवा डबा, त्याच्या डोक्यावर पोट सुटलेला पडदा. त्यात कामाचं काही नव्हतं, पण पिनबॉल होतं. निळं उतरतं मैदान, टणाटण वाजणाऱ्या घंट्या, त्यांच्यावर आपटत खाली येणारी चकचकीत गोळी आणि ती परत वर हाणायला तळाशी दोन फळ्या. आम्ही दोघं धपाधप बटणं बडवायला लागलो तेव्हा आई म्हणाली, “बुडणाऱ्या होडीतल्यासारखी वल्ही काय मारताय!” तेव्हापासून त्या फळ्यांना आमच्या घरात वल्हीच म्हणायचे. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण म्हणजे डावं वल्हं, ते माझं. उजवं बाबांचं. खालची लांब पट्टी दाबली की गोळी सुटायची, तो मान आईचा. भांडी घासत असली तरी हात पुसत यायची, पट्टी दाबायची आणि “लागा कामाला” म्हणून परत जायची.

बाबांची एक खोड मात्र कधी गेली नाही. गोळी दोन वल्ह्यांच्या मधून निसटायला लागली की ते दोन्ही तळवे टेबलाच्या कडेला लावून टेबलच ढकलायचे. खरंखुरं, लाकडाचं टेबल! अडलेल्या लिफ्टला आधी धक्का द्यायचा आणि मग पाना काढायचा, अशी त्यांची कामाची रीत. यंत्राला जरा लाज वाटली पाहिजे, म्हणायचे. मी किंचाळायचे, “अहो बाबा, पडद्यातल्या गोळीला टेबल काय कळणार! मशीन मरेल ना!” पण कधीमधी बोलाफुलाला गाठ पडायची, गोळी वल्ह्यावर यायची, आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, “सरकली की नाही?” सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी शाळेतून आले की टेबल जागचं जरा सरकलेलं दिसायचं आणि आत आई पदर तोंडाला लावून हसत असायची. “मला म्हणाले, डावीला सांगू नकोस,” असं ती लगेच सांगून टाकायची.

पुढे आई गेली. घरात कुणी गोळी सोडेनासं झालं आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

ते ‘अगं’ परत मिळवायला आधी मी सोपा रस्ता धरला होता. एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच खेळ मिळाला, तो बाबांपुढे ठेवला. त्यांनी पाहिलं, झाकण अलगद मिटलं आणि “छान आहे हो तुमचं” म्हणून परत दिलं. मग मी माळ्यावर चढले.

दुरुस्तीवाला आमच्याच दुकानातून चष्मा नेतो, बोलायला फटकळ. त्याने डबा उघडला, आतली धूळ फुंकली, बराच वेळ कान लावून ऐकलं.

“ताई, डिस्क घरघरतेय. शेवटचं चाललंय हिचं.”

“चालेल ना पण?”

“चालेल. नक्कल काढायला गेलो तर त्यातच जाईल कदाचित. खेळायचंच असेल तर खेळून घ्या. पण धक्का नको. शिंक आली तर तोंड वळवून शिंका.”

“डबा खाली जमिनीवर ठेवला तर?”

“वायरी आखूड आहेत. अशा वायरी आता शोधूनही सापडायच्या नाहीत.”

म्हणजे डबा टेबलावरच. घरी आणून मी टेबलाच्या चारी पायांखाली जुन्या चपलांचे तुकडे घातले. टेबल भिंतीकडे सरकवलं. भिंतीत आणि टेबलात उशी कोंबली. बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. “अहो बाई, राहू द्या, किती त्रास घेता,” म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण गिळली.

दुपारची वेळ होती, रस्त्यावर कुणाचा आवाज नव्हता. मी बटण दाबलं. डबा खोकला, गुरगुरला, आणि पडदा हळूहळू निळा झाला. खुर्ची शेजारी ओढून मी बाबांना बसवलं. हात धरून बोट दाखवायचं, हे दाबा ते दाबा सांगायचं, असं सगळं मनात ठरवलं होतं. काही सांगावं लागलं नाही. त्यांचा उजवा हात आपण होऊन उठला आणि बोट बरोबर त्या बटणावर जाऊन बसलं. सकाळी ह्याच हाताला शर्टाचं काज सापडत नव्हतं.

पण ते खेळेनात. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले. कुणाची वाट बघताहेत हे माझ्या लक्षात आलं.

“तिला काम आहे,” मी म्हटलं. “मी सोडते.” आणि पट्टी दाबली.

गोळी वर गेली, घंट्यांवर आपटली, टणाटण करत उजवीकडून उतरली. बाबांनी हाणली. परत आली, परत हाणली. काय सांगू! पाठ ताठ झाली त्यांची. मी त्यांचं तोंड बघत बसले आणि गोळी माझ्या बाजूने आली ते मला दिसलंच नाही.

“अगं डावं! डावं दाब की! झोपलीस का?”

मी दाबलं. कसं दाबलं देव जाणे, डोळ्यांपुढे सगळं पाणी. गोळी वर गेली. “दाबतेय हो बाबा!” मी ओरडले, शाळेत असताना ओरडायचे तशीच. “नुसती ओरडू नकोस, बघ!” ते म्हणाले. नकोस म्हणाले मला. एवढ्याचसाठी मी माळ्यावर चढले होते, आणि मिळालं. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर मी देवाकडे पुन्हा काही मागितलं नसतं.

मग गोळी सरळ मधून आली. दोन्ही वल्ह्यांच्या बरोबर मधून, जिथे त्यांचंही पोचत नाही आणि माझंही नाही. बाबांचे दोन्ही तळवे टेबलाच्या कडेला गेले. मी पाहिलं. मला हात धरता आला असता. “अहो बाबा, नको,” एवढं म्हटलं असतं तरी थांबले असते कदाचित. तोंड उघडलंही होतं मी. पण आत्ता आत्ता त्यांनी मला अगं म्हटलं होतं, त्यांच्यावर ओरडायचं कसं? जन्मभर ओरडले आणि त्या वेळी नेमकी गप्प राहिले.

त्यांनी ढकललं. चपला, उशी, काही उपयोग झाला नाही. लिफ्टवाल्याचे हात ते. डब्यातून कर्र असा आवाज आला, मग टक, टक, मग तोही थांबला. गोळी दोन वल्ह्यांच्या मधे तशीच अडकून राहिली आणि थोड्या वेळाने पडदा काळा झाला. मी बंद करून चालू केलं. परत केलं. काही नाही. संपलं होतं.

बाबांनी हात मांडीवर घेतले. काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या दाराकडे, मग माझ्याकडे. ते वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले,

“अहो बाई, डावीला सांगू नका हं. येईल आता शाळेतून. फार ओरडते ती.”

मला भांडी आपटावीशी वाटली. घरातली सगळी. पण उठवेना.

“नाही सांगत,” मी म्हटलं.

त्यांचा जीव भांड्यात पडला. खुर्चीला मागे टेकले, हसले, आणि मग त्यांना एकदम माझी काळजी वाटायला लागली.

“तुम्हाला उशीर नाही ना होत? घरी कुणी वाट बघत असेल.”

“आहेत ना. वडील आहेत.”

“मग जा तुम्ही,” बाबा म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाला एकटं ठेवू नये.”