हिवरानं गिळलेला खोकला

"फुगला! हिवर फुगला!" जतच्या माळावर जमलेल्या गर्दीनं एकच गलका केला. जुन्या हिवराच्या बुंध्याभोवती मघाशी टोकाला टोक भिडलेली सुती दोरी तीर्थात बुडवून, मंत्र म्हणून पुन्हा गुंडाळली, तर तीन बोटं कमी पडली होती.

झाडाखालचा हिवरनाथ महाराज डोळे मिटूनच गरजला, "हरणाबाई, तुजा खोकला हिवरानं गिळला, म्हणून त्यो जाड झाला! आता गोळ्या खाशील तर झाड सगळा रोग तुज्यावरच वकून टाकंल!"

हरणाबाईनं क्षयाच्या गोळ्यांची पाकिटं त्याच्या पायाशी ठेवली. मेंढरं राखणारा तिचा मुलगा बिराप्पा हात जोडून उभा होता.

अपूर्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगलीची ही संशोधक या माळावरच्या झाडांचं लाकूड मोजायला आली होती. उपग्रहाचं रडार सबंध माळावर किती लाकूड उभं आहे याचा अंदाज देतं. तो खरा की खोटा, हे ती तिपाईवरचा लेसर झाडाभोवती फिरवून ताडून बघायची. हा हिवर तिनं सकाळीच मोजला होता. तिनं तो पुन्हा मोजला आणि पडद्यावर दोन्ही वेळची ठिपक्यांची चित्रं एकावर एक ठेवली.

"बघा, घेर सकाळी होता तेवढाच आहे. झाड फुगलेलं नाही."

महाराज खो खो हसला. "ठिपक्यात देव हुडकतीया! आरं, ह्या यंत्रानं झाडाचा रस वढून न्हेत्यात. म्हणून तर माळ वाळला!"

गर्दी फिरली. कुणीतरी तिपाईला लाथ घातली. बिराप्पा पुढं सरसावला. "मॅडम, गुमान वाटंला लागा. माज्या आयच्या जिवाचा सवाल हाय."

"म्हणूनच बोलतेय!" अपूर्वाचा आवाज चिरकला. "झाड बदललं नाही, म्हणजे दोरी बदलली. महाराजांच्या गाठोड्यातून अशीच दुसरी कोरडी दोरी डोकावतेय, ती तूच घे. मी हात लावत नाही."

महाराज गाठोड्यावर हात ठेवून बसला. तेवढ्यानं बिराप्पाला शंका आली. त्यानं दोरी ओढून घेतली, विजेच्या सिमेंटच्या खांबाला वेढे दिले आणि टोकं जुळली तिथं कापली. मग टँकरच्या पाण्यात ती चांगली भिजवून पुन्हा तशीच गुंडाळली.

टोकं भिडेनात.

"आता सांगा," अपूर्वा म्हणाली, "या खांबानं कुणाचा खोकला गिळला? घट्ट पिळाची सुती दोरी आहे ही. पाण्यानं सूत फुगतं, पीळ आवळतो, लांबी घटते. तीर्थ असो की टँकरचं पाणी."

"खांबातबी देव असतो..." महाराज पुटपुटला. या खेपेला कुणी हात जोडले नाहीत.

बिराप्पानं त्याच्या पायाशी पडलेली पाकिटं उचलली. "किती जनांच्या गोळ्या बंद केल्यास रं?"

अंधार पडायच्या आत महाराज पसार झाला. हरणाबाईला सरकारी दवाखान्यात नेलं. तपासणी करून डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं आणि ती सावरली. तिच्या आधी महाराजाच्या शब्दावर गोळ्या सोडून बसलेले गावातले आप्पासो मात्र वाचले नाहीत. त्यांचा खोकलाही हिवरानंच गिळला होता म्हणे.

असा कुणी उद्या तुमच्या दारी आला, तर नुसता त्याच्या हातचा चमत्कार बघू नका, तो आपल्या हातानं करून बघा. आणि तो औषध सोडायला सांगत असेल, तर तपासायलाही थांबू नका. त्याला हाकलून द्या आणि दवाखाना गाठा.