वळवळणाऱ्यांची खुर्ची

मी एक फिरती खुर्ची बोलतेय. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगात नवेपणाचा ताठा होता. नकाशे काढणाऱ्या एका बाईंच्या टेबलाशी माझी नेमणूक झाली आणि पहिल्याच दिवशी तो उतरला. बाई बसत कसल्या! कधी पाय दुमडून, कधी माझ्या पाठीकडे तोंड करून. दहा मिनिटांत उठून भलतंच काम काढायच्या.

नकाशे मात्र देखणे. पण वेळेवर? नाव नको! एकदा एका शाळेच्या इमारतीचे नकाशे तयार असूनही पाठवायचे राहिले. बांधकाम वर्षभर रखडलं, बाईंची नोकरी गेली. निघताना त्यांनी मला मागून घेतलं.

"इतकी हुशार तू," नवरा म्हणाला, "जरा लक्ष दिलं असतंस तर?"

"देत होते रे." हे त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं.

एक्कावन्नाव्या वर्षी त्या वर्गात स्वस्थ न बसणाऱ्या नातीला तपासणीसाठी घेऊन गेल्या. डॉक्टर प्रश्न नातीबद्दल विचारत होत्या, पण प्रत्येक उत्तर आजीला लागू पडत होतं. मग आजीचीही तपासणी झाली. निदान झालं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचं! त्या दिवशी घरी येऊन माझ्यात बसल्या आणि हुंदके देत म्हणाल्या, "अरे, मी आळशी नव्हते. माझ्या मेंदूची ठेवणच वेगळी आहे."

नवऱ्याने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. "तीस वर्षं टोचत राहिलो गं तुला," एवढंच म्हणाला.

आपल्यासारख्यांना हात द्यायचा म्हणून बाईंनी कोच, म्हणजे मार्गदर्शक, व्हायचं शिक्षण घेतलं. दोनदा अर्ध्यावर सोडलं. तिसऱ्यांदा नवरा रोज वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसला. "मी काही बोलणार नाही. नुसता बसतो." तेवढ्यावर अभ्यास पार पडला!

आता बाई स्टुलावर बसतात आणि माझ्यात येणारी माणसं. पहिली आली एक नर्स. "सॉरी हं, मला स्वस्थ बसवत नाही."

"फिरा की! खुर्ची फिरतीच आहे."

नर्स हसली आणि हसता हसता रडली. त्या दिवशी दोघींनी एकच गोष्ट ठरवली: रुग्णांच्या नोंदी तिने एका मैत्रिणीशेजारी बसून लिहायच्या. तीन आठवड्यांनी ती धावतच आली. "आज मोठ्या सिस्टरांनी अपुऱ्या नोंदींसाठी मला हाकच मारली नाही! सगळं लिहून झालं होतं!"

माझं एक चाक आता अडतं, कापडही विरलंय. तक्रार नाही. इतकी थकलेली माणसं माझ्यावर विसावली, याहून खुर्चीला काय हवं? एकच विनंती. तुमच्या घरी कुणी सारखं वळवळत असेल, तर 'नीट बस' म्हणण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी बसा.