निजामाच्या मुन्शीचं घडीचं मेज

राधाकिशन सर खर्ड्याच्या लढाईत सलग तीन वर्षं मेले. पहिल्या वर्षी सकाळी सव्वानऊला, दुसऱ्या वर्षी नऊ वाजून दहा मिनिटांनी. तिसऱ्या वर्षी तर स्वार यायच्या आधीच, कारण मागे कुणाचा तरी सुतळी बॉम्ब चुकून वाजला आणि सरांना वाटलं, आपलीच पाळी. एकदा पडलं की उठायचं नाही, असा नियम आहे. त्यामुळे मार्चच्या उन्हात, माळावर, डोळे मिटून दुपारी चारपर्यंत पडून राहायचं. मधे नाश्ता वाटतात, पण तो जिवंतांना.

ही लढाई सतराशे पंचाण्णव सालची, मराठे आणि निजाम यांच्यातली. तिचा जिवंत देखावा पुण्याचं एक मंडळ दरवर्षी भरवतं आणि आम्ही आष्टीची आठ माणसं त्यात निजामाकडून लढतो. असं कुणी ठरवलं नव्हतं. पुण्याची मंडळी आधी पोचली होती, एवढंच. आम्ही विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचा भाग निजामाचाच होता ना?" सर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतात. त्यांना खोटं बोलता येईना, त्यांनी मान डोलावली आणि तेव्हापासून ते निजामाचे मुन्शी म्हणून मरतायत. मी त्याच महाविद्यालयात मराठी शिकवतो. मी चौथ्या रांगेतला शिपाई आहे. मला महत्त्वाकांक्षा नाही, मी बाभळीच्या सावलीत पडतो.

यंदा मात्र मंडळाची नवी नियमावली आली. गेल्या वर्षी शेवटचा तहाचा प्रसंग चादर टाकलेल्या टेबलावर झाला होता. सही करताना वारा सुटला, चादर उडाली आणि दुसऱ्या दिवशी फोटोत सगळ्या जिल्ह्याने पाहिलं की हा ऐतिहासिक तह लाल प्लास्टिकच्या टेबलावर झालेला आहे. म्हणून आता कलम सात. निजामाच्या पदरी फ्रेंच अधिकारी होते, तेव्हा छावणीत त्या काळच्या नमुन्याचं, घडी घालून नेता येणारं लष्करी मेज पाहिजे. ते निजामाच्या बाजूने आणलं आणि मंडळाने पास केलं, तर मेजाशी बसणाऱ्या मुन्शीला तहापर्यंत जिवंत ठेवण्यात येईल. मात्र दुपारच्या छाप्यात स्वाराचा हात मेजाला लागला, तर मुन्शी मेला असं समजावं.

सरांनी हे मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.

"जिवंत ठेवण्यात येईल," ते म्हणाले. "लेखी दिलंय हो!"

त्यांचा आवाज बारावीचा निकाल लागल्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. इंटरनेटवर परदेशातल्या दुकानांची चित्रं होती. सागवानी पेटी, कोपऱ्यांना पितळ, बाजूला कड्या, झाकण उघडलं की लिहायची फळी, पाय आत दुमडलेले. आमच्या स्टाफरूममध्ये त्या चित्राची प्रिंट फिरली. केमिस्ट्रीच्या सरांनी विचारलं, "हुंड्यात मागताय का?" सरांनी किंमत पाहिली आणि मोबाइल उपडा ठेवला.

सोमवारी रजा टाकून आम्ही एसटीने बीडला गेलो. फर्निचरच्या दुकानदाराला सर म्हणाले, "घडीचं मेज पाहिजे. लष्करी."

"हाय ना," तो म्हणाला आणि आतून पोरांचं अभ्यासाचं टेबल घेऊन आला. त्यावर जवानांच्या कपड्यावर असतात तसल्या हिरव्या ठिपक्यांचा कागद चिकटवलेला होता. "लई चालतंय हे. भरतीची पोरं नेत्यात."

"सतराशे पंचाण्णवचं पाहिजे."

"तेवढ्यात न्हाई बसत, साहेब. बावीसशेच्या खाली येत न्हाई."

तिथून कोर्टाबाहेर. तिथे झाडाखाली बसून अर्ज लिहिणाऱ्यांची घडीची टेबलं असतात. एका टेबलाखाली सर उताणे पडून पाय कसे दुमडतात ते बघत होते, तेव्हा टायपिस्टने मला विचारलं, "जामीन मिळंना का ह्यांना?" टेबल लोखंडी पाइपचं निघालं. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

सापडलं ते आष्टीतच. सर धोंडीराम सुताराकडे लाकडी बंदुकीचा दस्ता दुरुस्त करायला गेले होते. धोंडीराम भजनी मंडळांच्या पेट्याही दुरुस्त करतो. अर्ध्या तासाने मला फोन आला. "असाल तसे या." मी दाढीला साबण लावला होता. तसाच गेलो.

दुकानात भिंतीला टेकून एक पायपेटी उभी होती. खुर्चीवर बसून पायाने भाता मारायचा आणि वर दोन्ही हातांनी वाजवायची, ती.

"तमाशाच्या फडाची हाय," धोंडीराम म्हणाला. "फड मोडला, पेटी आमच्याकडं ऱ्हायली. आत काय न्हाई आता, उंदरानं भाता खाल्लाय."

"यांना ते दाखव," सर म्हणाले.

धोंडीरामने गुडघा लावला. एक खटका सरकला, पाय आत गेले, वरचा भाग खाली बसला, झाकण मिटलं. समोर पितळी कोपऱ्यांची, दोन्ही बाजूंना कड्या असलेली चौकोनी पेटी. दोघांनी उचलावी आणि चालू लागावं.

"पुन्हा," सर म्हणाले.

"सर, सहा येळा झालं. बिजागऱ्या झिजतील."

"एकदाच. यांनी नीट पाहिलं नाही."

मी नीट पाहिलं होतं, तरी धोंडीरामला पुन्हा खटका सरकवायला लावला. सरांच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत होते. माणूस इतका आनंदी असला की आपण दाढीचा साबण वाळू द्यावा.

आठ दिवसांत धोंडीरामने सूरपट्टी काढून लिहायची फळी बसवली, भात्याच्या जागी खण केला, दौतीसाठी गोल खाच पाडली. एक बारका भाता तेवढा ठेवावा लागला, कारण तो काढला तर पाठ ढिली होत होती. त्यामुळे खण बंद केला की आतून काळी दोनच्या सुरात 'पों' असा आवाज येई.

"फ्रेंचांच्या मेजाला आवाज नसेल हो," मी म्हणालो.

"नव्हता याचा पुरावा आहे का?" सर म्हणाले. गेल्या तीन वर्षांत ते प्रथमच मला इतिहासकार वाटले.

तपासणी शनिवारी ठरली. पुण्याचे तपासनीस अकराला येणार होते. आम्ही दहालाच बाजाराच्या रस्त्यालगतच्या लिंबाखाली मेज मांडलं. सर अंगरखा, पगडी, कमरेला शेला अशा थाटात बसले. समोर दौत, बोरू, कोऱ्या कागदांचा गठ्ठा. मी पाठीमागे भाला घेऊन उभा. लांबून फारच छान दिसत असणार, कारण दहा मिनिटांत समोर एक बाई येऊन उभी राहिली. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि मेजावर ठेवले.

ही भिवराबाई. कारखाना लवकर बंद झाला म्हणून ऊसतोडीहून चारच दिवसांपूर्वी परतलेली. "साहेब, आमच्या वस्तीवरची डीपी जळून दोन म्हैनं झालं, लाइट न्हाई. घ्या लिहून."

"मावशी, मी साहेब नाही. मी शिक्षक आहे."

"मंग बराबर हाय की. मतदानाला मास्तर, जनगणनेला मास्तर, लशीला मास्तर. तुमाला न्हाई बसवणार तर कुणाला बसवत्यात?"

"अहो, हा निजामाचा ड्रेस आहे!"

"असू द्या. सरकार देईल ते घालावं लागतंय, बाबा. तुमी तरी काय करणार?"

तिच्या मागे एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे दोघं. झाडाखाली टेबल, टेबलामागे माणूस, त्याच्यामागे हातात काठी घेतलेला शिपाई, म्हणजे शिबिर आहे, यात आष्टी तालुक्यात कुणालाही शंका येत नाही. पावणेअकराला रांग पानटपरीपर्यंत गेली. टपरीवाल्याने आधारकार्डाच्या झेरॉक्ससाठी पोरगा पिटाळला.

सरांनी दोन मिनिटं सगळ्यांना समजावलं. मग बोरू शाईत बुडवला. "लिहून देतो," ते मला हळूच म्हणाले. "अर्ज मला चांगला येतो. नेऊन द्या म्हणावं कचेरीत." त्यांचं अक्षर सुंदर आहे. भिवराबाईचा अर्ज असा उमटला की डीपीलाच लाज वाटावी. तिची प्रत त्यांनी तिला दिली, दुसरी खणात ठेवली, खण लावला. पों.

"झालं जमा," भिवराबाई मागच्या म्हाताऱ्याला म्हणाली. "मशिन बोललं बघा."

त्यानंतर 'पों' झाल्याशिवाय कुणी हलेना.

तपासनीस आले तेव्हा चौथा अर्ज चालू होता. चष्मा, खादीचा झब्बा, हातात फूटपट्टी. ते मेजाजवळ यायला निघाले आणि चार माणसं एकदम ओरडली.

"ओ पाव्हणं! माघारी!"

"मी फक्त मेज बघायला आलोय."

"आमी काय सिनेमा बघायला आलोत का बे?"

तपासनीस रांगेच्या टोकाला गेले. तासाभराने त्यांचा नंबर आला, तेव्हा फूटपट्टी त्यांनी खिशात ठेवून दिली होती. त्यांनी पितळेवरून हात फिरवला, खण ओढला, लावला, दचकले.

"हे काय?"

"काळी दोन," मी म्हणालो.

ते रांगेकडे वळले. "अठरा वर्षं मी हे काम करतोय," ते म्हणाले. "लोक तलवारीला हात लावून विचारतात, खरी आहे का. तुमच्या मेजाला कुणी विचारतच नाहीये." आणि पास लिहून दिला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

आता मेज आवरायची वेळ झाली, तर मागे पंधरावीस माणसं उरलेली. कुणीतरी विचारलं, "आमचं कसं?" आणि सर बोलून गेले, "आज वेळ संपली. उद्या या. उद्या खर्ड्याला."

ते असं मुद्दाम म्हणाले नाहीत. टेबलामागे दोन तास बसलं की कुठल्याही माणसाच्या तोंडून ते निघतं.

रविवारी खर्ड्याच्या माळावर सव्वानऊ वाजले आणि सर जिवंत होते. दहा वाजले. आमच्यातले पाच जण पडले. मीही पडलो, पण मान वळवून बघत होतो. नाश्ता आला, सरांनी जिवंतपणी पोहे खाल्ले. डाव्या हाताने, कारण उजव्यात बोरू होता. कारण माणसं आली होती. आष्टीहून टमटम करून. पंधरावीसचे चाळीस झाले होते, आणि भिवराबाईचा कालच अर्ज झाला होता तरी ती नुसती रांग लावायला आली होती.

दोनला शिंग वाजलं. छापा! कर्ण्यावर निवेदक गरजला आणि धुरातून बारा स्वार भाले रोखून थेट मेजावर सुटले. बेत असा होता की शिंग वाजताच आम्ही मेजाची घडी घालून बैलगाडीत टाकायची. पण मेजावर एका आजीबाईंचं रेशनकार्ड, दोन सातबारे आणि कुणाचं तरी पासपोर्ट साइज बाळ पसरलेलं होतं, आणि मी तर मेलेला.

"राधाकिशन सर, घडी घाला!" मी पडल्या पडल्या ओरडलो.

"नाव अर्धं राहिलंय!" सर ओरडले.

घोडे वीस पावलांवर आले. रांग हलली नाही. ती मेजाभोवती दाट झाली. भिवराबाई पुढे झाली, तिने हात वर केला आणि पहिल्या घोड्याचा लगाम धरला.

"कुटं घुसतो रं? सकाळधरनं उन्हात उभं हावोत आमी. घोडा हाय म्हणून काय झालं? लाइनीत ये."

"मावशी, सोडा, मला त्या मेजाला हात लावायचाय—"

"समद्यांनाच लावायचाय!"

रांगेतून हशा झाला, पण वाट कुणी दिली नाही. मागचे घोडे पुढच्यांवर येऊन थबकले. स्वारांतले पुण्याचे दोघं आपसांत नियमावलीबद्दल बोलू लागले. घोडी आणि उरलेले स्वार जामखेडकडून भाड्याने आणलेले होते. त्यांतला एक जण उतरला, पगडी काखेत मारली आणि रांगेतल्या म्हाताऱ्याला विचारलं, "काय चाललंय इथं?" म्हाताऱ्याने सांगितलं. स्वाराने भाला जमिनीवर टेकवला.

"आमच्या शेतरस्त्याचं घेत्यात का?"

"घेत्यात की. मशिन हाय."

तो घोड्याचा लगाम हाताला गुंडाळून रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे आणखी दोघं उतरले. छाप्याची वेळ अर्ध्या तासाची असते. ती संपल्याचं शिंग वाजलं तेव्हा मेजाला फक्त आष्टी तालुक्याचे हात लागले होते.

चारला तह. मेलेले उठले, मीही कपडे झटकून जवळ गेलो. पेशव्यांचे वकील, म्हणजे पुण्याचे एक निवृत्त अभियंते, रेशमी रुमालात तहनामा घेऊन वाजतगाजत आले. त्यांच्यापुढे अजून अकरा माणसं होती. निवेदकाने कर्ण्यावर दोनदा विनंती केली. कुणी ऐकलं नाही. वकील थोडा वेळ ताठ उभे राहिले, मग तहनामा काखेत धरून पुढच्या स्वाराच्या खांद्यावरून डोकावले.

"एकेका माणसाला इतका वेळ का लागतो हो?" त्यांनी विचारलं.

"अक्षर बघा ना कसलं काढत्यात," स्वार म्हणाला. "घाई करू नगा."

मेजामागे राधाकिशन सरांनी खण लावला, पगडी मागे सरकवली, घाम पुसला आणि दौतीत नवी शाई ओतून घेतली.

"चला," ते म्हणाले, "पुढचे कोण?"