हरवल्याचा अर्ज

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. तिने ती काढून पाहिली, पुन्हा घातली, जरा जोर लावला. आतून पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला आणि तिच्या लक्षात आलं. चाळीस वर्षं गावाची कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाने आज स्वतःच्या घराचं कुलूप बदललं होतं.

"अहो, दार उघडा."

"आवाज हुबेहूब काढता, बाई," आतून अगदी अदबीने उत्तर आलं. "पण ही घरी नाही. तुम्ही उगाच हेलपाटे घालू नका."

तीन महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, गावाच्या किल्लीवाल्यांच्या, मेंदूत रक्ताची गुठळी झाली. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, उजव्या हाताला कापरं तेवढं राहिलं. मग एका सकाळी चहाच्या कपावरून त्यांनी बायकोकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?" अडतीस वर्षांची 'तू' त्या दिवशी 'तुम्ही' झाली. मुलगा ओळखू येत होता, सून येत होती, एकदाच भेटलेला दातांचा डॉक्टरही येत होता. खोटी होती ती एकटी बायको.

डॉक्टरांनी समजावलं होतं. डोळ्यांना चेहरा दिसतो, पण त्याच्याबरोबर आपलेपणाची जी ऊब यायला हवी, ती येत नाही. मग मन त्या रिकाम्या जागेत एक गोष्ट रचून बसवतं, आणि ती जागची हलत नाही. वाद घालू नका, म्हणाले.

मुलाने नेमका वादच घातला. त्याचा स्वभावच तसा, दोन आणि दोन चार झाल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. त्याने लग्नाचा फोटो आणला, ओळखपत्र आणलं, आईच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवला. किल्लीवाल्यांनी तो डाग भिंगाखाली धरून पाहिला, जसे ते नकली किल्ली पाहत.

"काम पक्कं आहे," ते म्हणाले. "डागसुद्धा उतरवलाय. म्हणजे यामागे मोठी माणसं असणार."

जितके पुरावे आणावेत तितकं कारस्थान मोठं होत गेलं. शेवटी मुलगा हात टेकून म्हणाला की आईने आपल्याकडे यावं, बाबांची कुठेतरी सोय लावू. 'सोय' म्हणजे काय ते न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. घर सोडून मी हलायची नाही, तिने सांगितलं, आणि ते तर मुळीच नाहीत.

आता ती पायरीवर बसली होती. हातात भाजीची पिशवी, आणि आत शिलाई मशीनवर शाळेचे अकरा गणवेश अर्धवट पडलेले. तासभर ती तशीच बसून राहिली. मग उठली, केस सारखे केले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या घराची घंटा वाजवली.

"तुम्हाला घरकामाला बाई हवी आहे, असं कळलं."

"बायको म्हणवून घेणार नसाल तर बोलू," आतून आलं. मग साखळीपुरतं दार उघडलं. काय काय येतं, कोणाची ओळख आहे का, सगळी चौकशी झाली. तुमच्या मुलाला विचारा, ती म्हणाली. त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. पोराने आज तरी वाद घालू नये, एवढंच तिच्या मनात होतं. पलीकडून तो म्हणाला, "ठेवून घ्या, बाबा. चांगल्या आहेत."

मागची खोली तिला मिळाली. हिच्या कपाटाला हात लावायचा नाही, त्यांनी बजावलं. मशीन वापरा, पण टाका बदलायचा नाही, तिला खपत नाही. ती हो म्हणाली. आपल्याच घरात विचारून पाणी घेणं सोपं नव्हतं. दोनदा तिने रागाने पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली.

महिन्याने, एका दुपारी, किल्लीवाल्यांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. त्यांचा हात लिहू देत नव्हता. चौकीत बायको हरवल्याचा अर्ज द्यायचा होता. मुलाने फोनवर डोक्याला हात लावला, लोक हसतील म्हणाला. हसू देत, ती म्हणाली, आणि पेन उघडलं.

उंची, रंग, कोपरावरचा डाग. त्यांनी भरभर सांगितलं, तिने थोडक्यात लिहिलं. मग ते थांबले.

"याआधी एकदा गेली होती. चार दिवस. भांडण झालं होतं, चूक माझी होती."

ती मावशीकडे गेली होती. पाचव्या दिवशी आपणहून परतली, तेव्हा ते दुकानात किल्ली कानसत बसले होते. वर न बघता म्हणाले होते, "आलीस? चहा टाक." ते तीन शब्द तिने तीस वर्षं उराशी ठेवले होते, काटा ठेवावा तसे.

"तेव्हा अर्ज दिला नाही, लाज वाटली," ते सांगत होते. "दुकान बंद ठेवून दवाखाने पाहिले, गाड्यांचे थांबे पाहिले. नदीवर जाऊन बसलो. ती आली त्याच दिवशी दुकान उघडलं होतं. ती दिसली आणि हात कापायला लागले, म्हणून कानस घट्ट धरली. वर बघायची हिंमत झाली नाही."

पेन कागदावर टेकलेलंच राहिलं.

"लिहिलंत?"

"जरा सावकाश सांगा," ती म्हणाली. "सगळं लिहायचंय."

हा मजकूर तिने थोडक्यात घेतला नाही. शब्द न् शब्द उतरवला.

दुसऱ्या दिवशी दोघं चौकीत गेले. हवालदाराने अर्ज वाचला, फोटो पाहिला, मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. त्याने तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे अशी थेट बघत होती की त्याने ते मिटलं.

"या कोण?" त्याने एवढंच विचारलं.

"आमच्याकडे असतात," किल्लीवाले म्हणाले. "विश्वासाच्या आहेत."

हवालदाराने शिक्का मारला आणि प्रत दिली. त्यांनी ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली. चौकीच्या पायऱ्या उंच होत्या. तिने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांनी धरू दिलं. शेवटच्या पायरीवर ते थबकले.

"ती परत आली की तुम्ही कुठे जाल?" त्यांनी काळजीने विचारलं.

"आली की तिलाच विचारू," ती म्हणाली. "चला, ऊन वाढलंय."