सतरा नंबरच्या आजींची शीर

“डोळे मिटले होते की नव्हते, एवढंच विचारतोय मी,” चौकशी अधिकारी म्हणाला.

“मिटले होते,” सिस्टर म्हणाली.

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. सकाळी चहाच्या खोलीचे दार लावून त्यांनी तिला तासभर पढवले होते. म्हाताऱ्या, सुकलेल्या हातातली शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. आणि बोटाने ती शोधताना सिस्टर डोळे मिटून घेते, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होते. चोवीस वर्षे ती असेच सलाईन लावत आली होती. मेट्रनबाईंनी तेवढेच टाइप करून आणले होते : ‘शीर चाचपण्यासाठी डोळे मिटले.’ खाली सही झाली की प्रकरण संपणार होते.

“ओठही हलायचे, साहेब.” तक्रारदार, म्हणजे सतरा नंबरच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा, भिंतीला टेकून उभा होता. “आमच्या आईला बाटवायला निघाली होती ही!”

“चार जणींनी टोचून टोचून तुमच्या आईचा हात काळानिळा केला होता,” मेट्रनबाई उसळल्या. “तेव्हा ‘ताई, तुम्हीच या’ म्हणत कोण धावत आलं होतं?”

त्याने तोंड फिरवले.

गेल्या महिन्यात सिस्टर जायची त्या प्रार्थनाघराला कुलूप ठोकले गेले, तेव्हा समोरच्या गल्लीने खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या गल्लीतल्या निम्म्या लेकरांना पहिली लस सिस्टरनेच टोचली होती. त्या दिवशी ती गप्प राहिली. आज मात्र तिची कानशिले तापली होती.

“काय पुटपुटत होता?” अधिकाऱ्याने विचारले.

“‘प्रभू येशू, माझा हात थरथरू देऊ नकोस, यांना दुखू देऊ नकोस.’ रोज तेवढंच.”

“आजींना ऐकवत होता?”

“आजींना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, साहेब. विचारा त्यांच्या लेकाला.”

दारातला शिपाई खुदकन हसला आणि लगेच छताकडे पाहू लागला.

“हे बघा, सही करा,” अधिकाऱ्याने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. “ ओठांचं मी बघून घेतो. यात खोटं काय आहे?”

“खोटं नाही, अर्धं आहे!” तिचा आवाज चढला. “चोवीस वर्षं याच हातांनी तुमच्या आयाबहिणींची सेवा केली. तेव्हा माझे मिटलेले डोळे कुणाला खुपले नाहीत. आणि आता चोरी केल्यासारखं माझ्या प्रभूचं नाव लपवू?”

“अगं, नोकरी जाईल!” मेट्रनबाई काकुळतीला आल्या. “पोरीचं शेवटचं वर्ष आहे. तिचा तरी विचार कर.”

सिस्टरने पेन उचलले. मेट्रनबाईंनी सुस्कारा सोडला. टाइप केलेल्या ओळीपुढे तिने स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘आणि प्रार्थना केली’. मग सही केली.

अधिकाऱ्याने कागद वाचला आणि तिच्या बिल्ल्यासाठी हात पुढे केला. तिने तो छातीवरून काढून त्याच्यापुढे टेबलावर ठेवला.

बाहेरची वाट वॉर्डातूनच जात होती. सतरा नंबरपाशी नवी नर्स सुई घेऊन घामाघूम झाली होती. सिस्टरला पाहताच आजींचा चेहरा उजळला. त्यांनी दुसऱ्या हाताची बाही वर सारली, हात तिच्यापुढे केला आणि रोजच्यासारखे स्वतःचे डोळे मिटून घेतले.

मागून आलेला आजींचा मुलगा दारातच थबकला.

सिस्टरचा हात छातीवर, बिल्ल्याच्या रिकाम्या जागी गेला. मग तिने ती बाही हळूच खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावून दिले.