टॅबलेटमागचा पोळपाट

मित्रांनो, लाटणं आयर्लंडला गेलं आणि मी इथेच राहिलो.

हे वाक्य चुकून पुढे आलं. तसं काहीही झालेलं नाही, तुम्ही काही वाचलेलं नाही, आणि मला कुणाचा हेवा वगैरे अजिबात वाटत नाही. आता रीतसर सुरुवात करतो.

मी एक जुना पोळपाट आहे. राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. माझा जन्म सावंतवाडीच्या एका सुताराकडे झाला. त्याने एका ओंडक्यातून आधी मला कापलं आणि उरलेल्या तुकड्याचं लाटणं केलं. ‘उरलेल्या’ हा शब्द कृपया अधोरेखित करावा. मला तीन पाय मिळाले, लाटण्याला एकही नाही. तरी जग फिरायला निघालं कोण? जाऊ द्या. मी काही बोललो नाही.

सुलेखाकाकूंनी लग्नानंतर आम्हा दोघांना भाजणीच्या पिठाशेजारी बॅगेत कोंबून अमेरिकेत आणलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी वर्षानुवर्षं इमानाने उभा राहिलो. पोळी छान झाली की पाहुणे म्हणायचे, काकूंचा हात काय सुंदर आहे. पोळी बिघडली की काकू म्हणायच्या, पोळपाट डुगडुगतोय. लाटण्याला कधी कुणी काही बोललं नाही. ते गोल गोल फिरून मोकळं व्हायचं.

मग काकूंचा मुलगा नकुल एक दिवस फ्रोझन पोळ्यांचं पाकीट घेऊन आला. “आई, जस्ट हीट इट, यार,” म्हणाला. काकूंनी एक पोळी खाल्ली, तोंड वाकडं केलं, पीठ-मैद्यावर बराच वेळ व्याख्यान दिलं आणि पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन अख्खा फ्रीझर भरला. मित्रांनो, एका थंडगार पाकिटाचा हेवा करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

शेजारच्या घरात नोरीन राहते. ती मूळची आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातली. तरुणपणी दोन वर्षांसाठी म्हणून इकडे आली ती राहिलीच. शाळेची बस चालवते. काकूंनी एकदा तिला डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत तिच्याही गावात आहे, त्यामुळे उलट टपाली डब्यातून सोडा ब्रेड आला. आता काकूंना डबा रिकामा पाठवता येईना. तो डबा तेव्हापासून कुंपणावरून ये-जा करतोय आणि मुळात कुणाचा होता हे दोन्ही घरं विसरली आहेत. एकदा काकूंकडे डब्यात घालायला काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी मला आणि लाटण्याला उचललं आणि नोरीनच्या हवाली केलं.

नोरीनची आई, ब्रायडीआजी, ऐंशीच्या पुढच्या. गावाकडे एकट्या राहतात. दर शनिवारी मायलेकी व्हिडिओ कॉल लावून सफरचंदाचं टार्ट करायच्या, म्हणजे पीठ लाटायचं, सफरचंद भरायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. आजी तिकडे, नोरीन इकडे. टॅबलेट तेव्हा केचपच्या बाटलीला टेकवलेला असायचा. त्यामुळे आजी बोलता बोलता तोंडावर लोण्यात पडायच्या आणि लोण्यातूनच पुढची बातमी सांगायच्या. नोरीनने मला पाहिलं, भिंतीला उभं केलं आणि माझ्यापुढे टॅबलेट टेकवला. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत आजी कधी पडल्या नाहीत.

आणि लाटणं? ते नोरीनच्या हातात. नोरीन हातवारे केल्याशिवाय बोलू शकत नाही, त्यामुळे दर शनिवारी लाटणं पडद्यावर झळकायचं. मी त्याच पडद्याच्या मागे. मला दिसायची ती टॅबलेटची काळी, कोरी पाठ.

पोळपाटाला डोळे असतात का, हा प्रश्न शाळेत विचारा. इथे मी बोलतोय.

आजींचा आवाज मात्र माझ्याइतका कुणाला पाठ नाही. आधी कोण गेलं ते सांगायच्या, मग कोण जाणार आहे, मग कोण जायला हवं होतं पण अजून धडधाकट चर्चला येतं. मग ‘बाय बाय बाय बाय’ सुरू व्हायचं. आपल्याकडे निघालेला पाहुणा दारात उभा राहून नव्याने गप्पा सुरू करतो, तसलं ते. त्या आवाजाला चेहरा कसला असेल, एवढंच मला बघायचं होतं. आणि जमलं तर त्यांनी मला बघावं. फार नाही, एकदाच.

मागच्या हिवाळ्यात आजींचं टार्ट एकाएकी फार सुबक यायला लागलं.  नोरीनने काकूंकडे जाऊन सांगितलं, की टार्टच्या खाली फॉइलची ताटली होती. “दुकानातलं आणते गं ती. आणि मी विचारलं तर म्हणते, ग्रँड आहे सगळं.” त्यांच्या गावात घराला आग लागली तरी माणूस ‘ग्रँड’च म्हणतो. नोरीनच्या भावाने खरं काय ते कळवलं: आजींची बोटं वाकली होती आणि त्यांचं जाडजूड लाटणं त्यांना उचलवत नव्हतं. आता त्या म्हणायला लागल्या होत्या, की कॉल कशाला एवढा लांबवायचा, तुला कामं असतील. टार्ट थांबलं तर शनिवारही थांबणार, हे नोरीनला कळत होतं. मलाही.

एका शनिवारी नोरीन बसमधल्या कुठल्याशा मारामारीचं वर्णन लाटण्यासकट करत होती. आजींनी मध्येच विचारलं, “ते तुझ्या हातात काय आहे?”

“लाटणं. शेजारच्या सुलेखाचं.”

“किती बारीक आहे. वजन काय गं त्याचं?”

आजींनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं, आणि मागितलं ते त्याला.

नोरीन लगेच काकूंना विचारायला गेली, की लाटणं आईला नेऊन देऊ का. काकू म्हणाल्या, दिलं ते दिलं, त्यात विचारायचं काय. “पण लाटणं एकटंच देतेस? पोळपाट?”

“पोळपाट नेला तर आई पडेल,” नोरीन म्हणाली.

तर लाटणं गेलं. आता लपवण्यात अर्थ नाही. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध, गावी निघालेल्या नोरीनबरोबर. मी जन्मभर तीन पायांवर उभा राहिलो, मला कुणी मोजा दाखवला नाही.

नोरीन परत आली आणि शनिवारी पुन्हा कॉल लागला. तिकडून ओव्हनचं दार वाजलं. नोरीन पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, “एका बाजूने करपलंय.”

“दुसऱ्या बाजूने कच्चं आहे,” आजी म्हणाल्या. आवाजात केवढा तोरा. “पण हे लाटणं टेबलावरून पळतं गं. याच्याखाली काही नसतं का?”

नोरीनने टॅबलेटच्या वरून माझ्याकडे पाहिलं. “असतो ना. गोल पाट असतो. पण तो इथे तुला धरून उभा आहे.”

आजींनी विचारलं, “इतकी वर्षं?”

“हो.”

“मग दाखव की त्याला.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण आला. नोरीनने दोन्ही हातांनी मला उचललं, पदर सावरल्यासारखं माझ्यावरचं पीठ झटकलं, आणि माझी कड लागून निराधार टॅबलेट पालथा पिठात पडला. पिठातून आजी म्हणाल्या, “अंधार झाला. छान आहे हं.” टॅबलेट हातात धरून मला दाखवता आलं असतं, हे मला तेव्हाच सुचलं होतं. पण मला कोण विचारतो? मला पुन्हा भिंतीला लावण्यात आलं आणि ‘बाय बाय’ सुरू झालं.

म्हणून सांगतो मुलांनो, घरातल्या वस्तू जपा. जी मिरवते तिला जपालच. जी मागे उभी राहते तिच्याकडेही अधूनमधून बघत जा.

सबब, टॅबलेट तयार करणाऱ्या सर्व संबंधित कारखान्यांना विनंती करण्यात येते, की यापुढे प्रत्येक टॅबलेटच्या पाठीस एक लहान खिडकी ठेवण्यात यावी. अर्जदारास तिच्यातून फक्त एका आजींना बघावयाचे आहे. निर्णय होईपर्यंत अर्जदार जागेवरून हलणार नाही. हलल्यास आजी पडतात.